लाल पापणीची मेंढी: जंतांशी लढणारी ताकद रक्तात बघता येते का?

माणदेशी_मेंढरं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात आमची साठेक मेंढरं आहेत, बरीचशी दख्खनी, थोडी माडग्याळ. वडील आणि चुलते दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरतात, मिरगाच्या आधी माघारी येतात. मी गावातच दुकान बघतो, पण जीव मेंढरांतच असतो.

गेल्या श्रावणात आमची नऊ मेंढरं जंतानं गेली. औषध दोनदा पाजलं होतं. हगवण नव्हती, चरत होती, म्हणून कळायलाच उशीर झाला. मग जबड्याखाली पाणी उतरलं, पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या झाल्या आणि चालता चालता बसली ती उठलीच नाहीत.

त्याच कळपात एक मेंढी आहे, पाच वर्षांची. आई तिला गुंजी म्हणते, कारण पापणी उलटून पाहिली की आत गुंजेसारखी लालबुंद. गेले तीन पावसाळे तिला जंताचं औषध दिलेलं नाही. पहिल्या वर्षी पाजायच्या दिवशी ती निसटली, पुढं तिची तब्येत बघून आम्हीच सोडून दिलं. चरते इतरांबरोबरच, पाणी त्याच डबक्याचं, तरी तिला काही होत नाही.

मी वाचलं की जंतांविरुद्ध मेंढीच्या अंगात प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं) तयार होतात. गुंजीच्या रक्तात ती जास्त असतील का? तपासून कळतं का? विचारायचं कारण असं की तिचं नर कोकरू आत्ता आठ महिन्यांचं आहे आणि त्याला गिऱ्हाईक आलंय. विकू की पैदाशीचा एडका म्हणून ठेवू?

रानवारा

नऊ मेंढरं म्हणजे घरातली वर्षाची उलाढालच गेली की हो. फार वाईट वाटलं. गुंजी हे नाव मात्र काळजात बसलं.

निवृत्त_पशुवैद्य

दादा, तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला पहिला संशय हिमोंकस या जंताचा येतो. हगवण नाही, पण रक्तक्षय आणि जबड्याखाली सूज, ही त्याचीच तऱ्हा. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. हा चौथ्या कप्प्यात राहतो, जिथं खरं पचन होतं. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. रक्तानं भरलेलं तिचं आतडं लाल दिसतं आणि त्याभोवती अंडाशयाच्या पांढऱ्या नळ्यांचा पीळ असतो. शवविच्छेदनात कप्पा उघडला की लाल-पांढऱ्या सुतळीचे तुकडे वळवळताना दिसतात. एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. हे काहीच वाटत नाही. पण हजार जंत असले तर रोजचं ५० मिली झालं, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. एक मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळ्यात उबेला आणि ओलीला त्यांतून आठवड्याभरात अळ्या होऊन गवताच्या पात्यावर चढून बसतात.

दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यांनी पापणीच्या रंगाचा तक्ता रूढ केला. त्याला त्यांच्याच नावावरून फमाचा म्हणतात. एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरी. चार-पाचवाल्यांना औषध द्यायचंच, एक-दोनवाल्यांना सोडायचं. तुमच्या आईनं गुंज म्हटलं ते याच तक्त्यातलं पहिलं घर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, पापणी पांढरी पडायला यकृतातले चपटे कृमी आणि गोचीडही कारण असू शकतात.

तुमच्या प्रश्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: प्रतिपिंडांच्या मागं लागू नका. लेंडी तपासा. एका ग्रॅम लेंडीत किती अंडी आहेत ते मोजता येतं, खर्च थोडा आणि उत्तर सरळ. शिवाय दोनदा औषध देऊनही मेंढरं गेली, तेव्हा औषध लागू पडतंय का ते आधी बघा. औषध देताना एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा लेंडी तपासली की कळेल. पहिलं नव्या पद्धतीचं जंतनाशक थायबेंडाझोल १९६१ साली आलं आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणारा हिमोंकस सापडला होता. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल त्याच कुटुंबातली. बाटलीवरचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टरांशी बरंचसं सहमत, पण "प्रतिपिंडांच्या मागं लागू नका" याच्याशी नाही. मी प्रयोगशाळेत काम करते, रोगप्रतिकार हाच विषय. दादांनी विचारलेला प्रश्न चांगला आहे आणि त्यावर जगात पुष्कळ काम झालंय.

लेंडीतली अंडी आज किती जंत आहेत याचा अंदाज देतात. मेंढी त्यांच्याशी काय करतेय ते सांगत नाहीत. मेंढीची लढाई टप्प्याटप्प्यानं होते. स्कॉटलंडमधल्या स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढ्यांवर याचा फार बारकाईनं अभ्यास झाला आहे. तिथला मुख्य जंत वेगळा, तेलाडोरसाजिया, पण राहतो त्याच चौथ्या कप्प्यात. कोकराची पहिली खरी पकड आयजीए या प्रतिपिंडानं येते. हे रक्तापेक्षा आतड्याच्या आणि पोटाच्या अस्तरावर, शेंबडासारख्या चिकट थरात काम करतं. ज्या कोकरांत वाढत्या अळ्यांविरुद्ध आयजीए जास्त, त्यांच्यातले जंत लांबीला आखूड राहतात. आखूड मादी अंडी कमी घालते. म्हणजे इथं जंत मरत नाही, खुजा राहतो.

पुढं मेंढी मोठी झाली की आयजीई हे दुसरं प्रतिपिंड येतं. हे अस्तरातल्या मास्ट नावाच्या पहारेकरी पेशींवर बसून राहतं. गवताबरोबर नवी अळी आली आणि त्या प्रतिपिंडाला चिकटली की पेशी फुटतात, अस्तर सुजतं, चिकट स्राव भराभर सुटतो आणि अळीला ठाण मांडायच्या आधीच बाहेर ढकललं जातं. मुरलेल्या मेंढीत हे दोन दिवसांच्या आत होतं.

तुमची गुंजी यातलं काय करते ते लेंडीवरून कळणार नाही. जंत खुजे ठेवते की अळ्या शिरूच देत नाही? दोन्हीत अंडी कमीच दिसतील.

आता यातली अडचणही सांगते. एलायझा नावाच्या चाचणीत प्रतिपिंड मोजतात, पण तिथं साखरेसारखा "इतके मिलिग्रॅम" असा ठरलेला आकडा नसतो. ताटलीत जंताचं प्रथिन चिकटवतात, त्यावर मेंढीचं रक्तजल (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) घालतात आणि रंग किती गडद येतो ते ओळखीच्या नमुन्याशी ताडून बघतात. आणि रंग गडद आला तर अर्थ दोन निघतात. मेंढी चांगली लढतेय, किंवा बिचारीच्या पोटात एवढे जंत आहेत की अंगाला लढण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून एकट्या गुंजीचं रक्त तपासून उपयोग नाही. त्याच माळावर चरणाऱ्या, त्याच वयाच्या दहा-पंधरा मेंढ्यांचं तपासलं आणि शेजारी लेंडीचे आकडे मांडले तर काही बोलता येईल.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. लेंडीचे आकडे लागणारच आहेत, तर सुरुवात तिथून करू या.

सूक्ष्मदर्शी

सुरुवात तिथून करायला माझी हरकत नाही डॉक्टर. थांबायचं तिथं नाही, एवढंच.

चुलीपाशी

मला शास्त्र फार कळत नाही, पण माझ्या सासूबाई कोकराला पहिल्या तासात चीक पाजल्याशिवाय स्वतः पाणी प्यायच्या नाहीत. चिकातून कोकराला अशीच ताकद मिळते ना? मग आईची प्रतिपिंडं कोकराला जंतापासून वाचवतात का?

सूक्ष्मदर्शी

चुलीपाशी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतूनच, पोटात असतानाच मिळतात. मेंढीच्या वारेतून ती जात नाहीत. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची शिदोरी जवळपास रिकामी असते, सगळी भिस्त चिकावर. आणि पहिला दिवस उलटला की कोकराचं आतडं ही प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात घ्यायचं बंद करतं. म्हणून पहिल्या तासाचं महत्त्व.

पण पोटातल्या जंतांच्या बाबतीत ही शिदोरी फार पुरत नाही. तिथं कोकराला स्वतःच शिकावं लागतं आणि शिकायला अळ्या खाव्या लागतात. थोड्या थोड्या, काही महिने. एकदम फार आल्या तर शिकायच्या आत कोकरू जातं. म्हणून पहिला पावसाळा सगळ्यात कठीण.

खांडवाला

माझं म्हणणं जरा वेगळं. आमचे आजे-पणजे एका माळावर दोन-चार मुक्कामांपेक्षा जास्त थांबत नसत. आज इथं वाडा, परवा तिथं. डॉक्टर म्हणतात अळी व्हायला आठवडा लागतो. म्हणजे लेंडी पडली, अळी झाली, तोवर मेंढरू दहा कोस पुढं. फिरस्तीतच औषध होतं. आता गायरानं गेली, कुंपणं आली, कालव्याखाली ऊस आला. मेंढरं एकाच तुकड्यावर महिना महिना चरतात. प्रतिपिंडं वगैरे ठीक आहे, पण आजार जागेचा आहे.

निवृत्त_पशुवैद्य

खांडवाले, मुद्दा लाख मोलाचा आहे. मी नोकरीत होतो तेव्हा पावसाळ्यात एका जागी अडकलेल्या कळपांतच सगळ्यात जास्त मर पाहिली. फक्त एक भर घालतो. वाट सगळ्यांची एकच असते. तुम्ही पुढं गेलात, पण दहा दिवसांपूर्वी तिथून दुसरा कळप गेलेला असतो. त्याच्या लेंडीतल्या अळ्या तुमच्या मेंढरांच्या वाट्याला येतात.

माणदेशी_मेंढरं

हे अगदी खरं आहे. आमची नऊ गेली त्या पावसाळ्यात आम्ही ओढ्याकाठच्या एकाच पडीक रानात जवळजवळ दीड महिना होतो. वडिलांना बरं नव्हतं, हलता आलं नाही. मला आत्ता लिहिताना ते जाणवलं.

एडिंबराची_थंडी

माणदेशी, वडील आता बरे आहेत ना? काळजी घ्या.

मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये राहते. सूक्ष्मदर्शी यांनी ब्लॅकफेसचा उल्लेख केला म्हणून इथल्याच दुसऱ्या मेंढ्यांबद्दल लिहिते. त्यांच्याबद्दल वाचायला लागले आणि मला वेडच लागलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. त्यांतल्या हिर्ता बेटावर माणसं राहायची. जगणं अशक्य झालं तेव्हा २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसं बेट सोडून गेली. दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, शेजारच्या सोए बेटावरच्या १०७ मेंढ्या हिर्तावर आणून सोडल्या. लहानखुऱ्या, तपकिरी, जुन्या जातीच्या. तेव्हापासून त्या तिथं आपापल्या जगतात. राखण नाही, चारा नाही, औषध नाही. कोल्हा-लांडगाही नाही. मारणारे दोघंच, हिवाळ्यातली उपासमार आणि पोटातले जंत. एखाद्या वाईट हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त मेंढ्या मरतात.

१९८५ पासून शास्त्रज्ञ त्यांचा सलग अभ्यास करताहेत. प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला, आई कोण माहीत, मेली कधी माहीत. दरवर्षी उन्हाळ्यात पकडून वजन घेतात, रक्त घेतात आणि सोडून देतात. साठवलेल्या रक्ताचे दोन हजारांवर नमुने, सुमारे ८०० मेंढ्यांचे, २६ वर्षांतले, यांत जंतांविरुद्धची प्रतिपिंडं मोजली. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात त्याचा लेख आला. मेंढी म्हातारी होऊ लागली की तेलाडोरसाजियाविरुद्धचं आयजीजी हे रक्तातलं प्रतिपिंड घटत जातं. आणि ज्या मेंढीत ते घटलं, तिची पुढचा हिवाळा काढण्याची शक्यता कमी.

म्हणजे धाग्याच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथं आहे. रक्तातलं प्रतिपिंड बघून पुढच्या वर्षीच्या जगण्यामरण्याबद्दल काही सांगता येतं. निदान त्या बेटावर तरी.

रानवारा

वाचताना अंगावर काटा आला. माणसं गेली आणि मेंढ्या राहिल्या. मग ताई, मेंढीत प्रतिपिंडं जितकी जास्त तितकं चांगलं, असंच ना?

सूक्ष्मदर्शी

नाही, आणि याच मेंढ्यांनी ते दाखवलं. २०१० साली याच कळपावरचा आणखी एक लेख सायन्समध्येच आला होता. काही मेंढ्यांत स्वतःच्याच शरीराविरुद्ध जाणारी प्रतिपिंडं जास्त असतात आणि हा गुण आईबापांकडून येतो. अशा मेंढ्यांमध्ये जंतांविरुद्धची प्रतिपिंडंही जास्त असण्याकडे कल असतो. या मेंढ्या कडक हिवाळ्यातून जास्त तगतात, पण त्यांना दरवर्षी पिल्लं कमी होतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या दोन्ही प्रकारच्या मेंढ्या टिकून राहतात. वाईट हिवाळ्यात एकीचं फावतं, चांगल्या वर्षात दुसरीचं.

ऑस्ट्रेलियात आणखी एक गोष्ट दिसली आहे. जंतांना कडक विरोध करणाऱ्या काही मेरिनो मेंढ्या थोड्याशा अळ्या पोटात गेल्या तरी पातळ हागतात. अळ्यांचा त्रास नसतो, तिच्या स्वतःच्या प्रतिकाराचाच भडका असतो. लढाईला अन्न लागतं आणि लढाईची धग घरालाही लागते.

जिज्ञासू_सातारा

आमच्या घरी दोन माणसं चहावरून भांडली तरी दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं, इथं तर मेंढीच्या पोटात रोजचंच रणांगण आहे आणि तेही चार खणी! :) खरं सांगतो, मेंढीकडं मी इतक्या आदरानं कधी पाहिलं नव्हतं.

माणदेशी_मेंढरं

जिज्ञासू, आईला वाचून दाखवलं, फार हसली. गुंजीला जाऊन म्हणाली, "चार खणी वाडा आहे गं तुझा."

दक्षिणद्वीप

न्यूझीलंडहून. इथं मेंढीपालनात काम करतो, त्यामुळं हा धागा म्हणजे मला घरचं जेवण.

इथल्या अॅगरिसर्च या संस्थेनं लाळेची तपासणी काढली आहे. जंताच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या अंगावर एक शर्करेचा पदार्थ असतो. तो या कुळातल्या बहुतेक जंतांच्या अळ्यांवर सापडतो, म्हणजे हिमोंकस असो की तेलाडोरसाजिया, गणवेश सारखाच. मेंढी त्याविरुद्ध आयजीए तयार करते आणि ते लाळेतही उतरतं. कोकराच्या गालात कापसाचा बोळा फिरवायचा, नळीत टाकायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. सुई नाही, रक्त नाही. मी स्वतः शेकडो कोकरांच्या तोंडात बोटं घातली आहेत. दाढांपासून जपावं लागतं.

लाळेत आयजीए जास्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी सापडतात आणि हा गुण पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून एडके निवडताना तो आकडा बघतात. अट एकच. कोकरं काही महिने जंत असलेल्या रानात चरलेली हवीत. अळी कधी भेटलीच नसेल तर सगळ्यांची लाळ कोरी.

डॉक्टर आणि ताई, तुमच्या वादात मी मधे उभा आहे. इथले लोक दोन्ही करतात.

कोरडवाहू

प्रतिपिंडंच हवीत तर लस का नाही टोचत? आंत्रविषाराची टोचतोच की दरवर्षी.

एडिंबराची_थंडी

कोरडवाहू, लस आहे, आणि माझ्या घरापासून ती संस्था अर्ध्या तासावर आहे म्हणून मलाच सांगू द्या! मोरडन ही संस्था १९२० साली स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून उभी केली. तिथं हिमोंकसची लस तयार झाली आणि २०१४ मध्ये बार्बरव्हॅक्स नावानं ऑस्ट्रेलियात विक्रीला आली. बनतेही पश्चिम ऑस्ट्रेलियात, ऑल्बनी गावात. पोटातल्या जंतावरची मेंढ्यांसाठीची ही पहिलीच लस.

तिची युक्ती मला विलक्षण वाटते. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेली लढाई पोटाच्या अस्तरावर होते. ही लस तिथं लढतच नाही. जंताच्या आतड्याच्या आतल्या भिंतीवर जी प्रथिनं असतात, ती काढून मेंढीला टोचतात. मात्रा केवढी, तर ५ मायक्रोग्रॅम. मेंढीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग जंत रक्त प्यायला तोंड लावतो आणि रक्ताबरोबर ती प्रतिपिंडंही पितो. ती त्याच्या आतड्याला आतून चिकटतात, त्याला अन्न पचेनासं होतं, अंडी घटतात, जंत झुरून मरतो.

कोरडवाहू

म्हणजे त्याच्याच ताटात वाढलं. वा!

सूक्ष्मदर्शी

हो, आणि त्यातच तिची मर्यादाही आहे. ही प्रथिनं जंताच्या पोटात लपलेली. नेहमीच्या संसर्गात मेंढीच्या शरीराला ती कधी दिसतच नाहीत. म्हणून रानातल्या अळ्यांनी या प्रतिपिंडांना उजाळा मिळत नाही, सुईनंच द्यावा लागतो. कोकराला आधी तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तीन डोस आणि मग जंतांचा हंगाम संपेपर्यंत दर सहा आठवड्यांनी एक. चालत्या कळपाला हे वेळापत्रक सांभाळणं किती अवघड, ते इथल्या मंडळींना सांगायला नको. शिवाय ती रक्त पिणाऱ्या जंतावरच चालते. तेलाडोरसाजिया हिमोंकससारखा रक्तावर जगत नाही, त्याच्यासाठी मोरडनमध्येच आठ प्रथिनांची वेगळी लस करून पाहिली आहे.

बारामतीकर_लोकर

इतकं स्कॉटलंड-न्यूझीलंड झालं, आता फलटणचं कुणी काढतंय का वाट बघत होतो. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात बंगालमधल्या सुंदरबनातून गारोळ मेंढ्या आणल्या. इवलीशी जात, पण दलदलीत चरणारी आणि एका वेताला दोन-तीन कोकरं देणारी. जुळ्यांचा तो गुण दख्खनीत उतरवून त्यांनी नारी सुवर्णा तयार केली, ते बऱ्याच जणांना माहीत आहे. कमी जणांना माहीत असलेली गोष्ट अशी की त्याच कामात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी जंतांचाही अभ्यास केला. दख्खनी, बन्नूर आणि गारोळशी झालेले त्यांचे संकर यांची कोकरं वाढवून लेंडीतली अंडी मोजली. गारोळचं रक्त असलेल्या कोकरांत जंतांना विरोध जास्त निघाला. वाढ मात्र कमी, कारण जातच लहान. चालू आठवड्याचा बाजार बघणारा माणूस वजन बघतो, पापणी कोण बघतो?

म्हणून दादा, गुंजी दख्खनी असून तशी असेल तर ती मला गारोळपेक्षा मोलाची वाटते. आकार आपला, माळ आपला आणि विरोधही.

खांडवाला

+१. बारामतीकर, हे माझ्या मनातलं बोललात. एडका ठेवा दादा.

निवृत्त_पशुवैद्य

थांबा थांबा. एकट्या मेंढीच्या पापणीवरून एडका ठरवू नका. लाल पापणीची दोन कारणं असतात. एक, मेंढी जंत शिरू देत नाही किंवा वाढू देत नाही. दुसरं, जंत आहेतच, पण गेलेलं रक्त ती भराभर भरून काढते. दुसऱ्या प्रकारची मेंढी स्वतः ठणठणीत राहते आणि लेंडीतून रानभर अंडी पेरते. बाकीच्या कळपाला तीच महागात पडते. गुंजी यांतली कोणती, ते लेंडीच सांगेल. दहा मेंढ्यांच्या लेंड्या, प्रत्येकीची वेगळी पिशवी, ताजी, थेट गुदद्वारातून काढलेली, उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोचवा.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, हे मला सुचायला हवं होतं. अगदी बरोबर.

माणदेशी_मेंढरं

मंडळी, महिन्यानंतर लिहितोय, माफ करा. गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

दहा लेंड्या तपासून आणल्या. सगळ्यात वाईट मेंढी ग्रॅमला तीन हजारांच्या वर. बाकीच्या बऱ्याच हजाराच्या आसपास. गुंजीची कमी निघेल म्हणून छातीठोकपणे गेलो होतो, तर आकडा आठशेच्या वर. तिथल्या मॅडमना परत मोजायला लावलं, तेवढाच आला. आई दिवसभर बोलली नाही.

निवृत्त_पशुवैद्य

दादा, एक विचारतो. गुंजी या महिन्यात व्यालेली आहे का?

माणदेशी_मेंढरं

हो डॉक्टर. लेंडी घेतली तेव्हा तीन आठवडे झाले होते. जुळं आहे, दोन्ही माद्या. लिहायचं राहिलं.

निवृत्त_पशुवैद्य

मग निराश होऊ नका. विण्याच्या आधी थोडे दिवस आणि नंतर दीड-दोन महिने मेंढीचा जंतांवरचा ताबा सुटतो. अंगातली प्रथिनं आधी दुधाकडं जातात, मग प्रतिकाराकडं. दोन कोकरं पाजणारीचा जास्त सुटतो. चांगल्या चांगल्या मेंढ्यांची अंडी या काळात वाढतात. तुमच्या दहांत अशी ओली मेंढी दुसरी होती का? नसेल तर ही तुलनाच बरोबरीची नव्हती.

सूक्ष्मदर्शी

यात भर म्हणजे प्रथिनयुक्त खुराक वाढवला तर हा चढ कमी होतो, हे एडिंबराच्या बाजूला झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. शेंगदाण्याची पेंड परवडत असेल तर दूध तोडेपर्यंत द्या. आणि दादा, त्याच दहा मेंढ्या कोकरं तोडल्यावर दीड महिन्यानं पुन्हा तपासा. पापणी मात्र दर आठवड्याला बघत राहा. रंग उतरला तर अभ्यास बाजूला ठेवून औषध द्या.

चुलीपाशी

आईंना सांगा, बाळंतिणीचा दोष काढू नये.

माणदेशी_मेंढरं

सांगितलं. आता रोज मूठभर पेंड गुंजीच्या वाट्याला, बाकीच्यांना हुसकून.

माणदेशी_मेंढरं

चार महिन्यांनी. धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं.

कोकरं तोडून सात आठवडे झाले, पाऊस चालू आहे. त्याच दहा मेंढ्यांपैकी आठ तपासल्या, दोन विकल्या गेल्या होत्या. गुंजीची अंडी दोनशेच्या आत. आठांत सगळ्यात कमी. तिच्यानंतरची जी दुसरी कमी निघाली ती तिचीच तीन वर्षांपूर्वीची लेक. हे मला माहीत नव्हतं, आईनं ओळखलं, कानाच्या खुणेवरून. औषधाचंही डॉक्टरांनी सांगितलं तसं बघितलं. दोन आठवड्यांनी अंडी जेमतेम निम्मी झाली होती. म्हणजे ते औषध आमच्या रानातल्या जंतांना लागू पडत नाही. दवाखान्यातून वेगळ्या गटाचं घेतलं आणि या वेळी ज्यांच्या पापण्या फिक्या आहेत त्यांनाच पाजलं.

रक्ताची तपासणी झालेली नाही. सूक्ष्मदर्शी ताई म्हणाल्या आहेत की कधी सोय झाली तर गुंजी, तिची लेक आणि इतर मिळून पंधरा नमुने त्या बघतील. मला अजूनही ते बघायचं आहे. तिच्या आत काय चाललंय ते कळावं, एवढ्यासाठीच.

एडका ठेवला. गिऱ्हाइकानं शेवटी दोन हजार वाढवले होते, तरी ठेवला. त्याचीही लेंडी बघितली, वयाच्या मानानं बरी आहे. आता अडचण अशी की कळपात त्याची आई, बहिणी आणि भाच्या आहेत. नात्यात लावायचा नाही. कुणाकडं माडग्याळ किंवा दख्खनी एडका आहे का, ज्याच्या आईची लेंडी तपासली आहे? अदलाबदल करायची आहे.

खांडवाला

माझ्याकडं आहे. आईची लेंडी मात्र तपासलेली नाही. सोमवारी घेऊन जातो.

निवृत्त_पशुवैद्य

खांडवाले, सकाळी लवकर. आणि पिशवीवर नाव लिहायला विसरू नका.